नैरोबीतली पावलं

मंजिरी धनावडे पोलिसात सहायक निरीक्षक होती, पण गेल्या कित्येक वर्षांत तिने कुणाला बेड्या घातल्या नव्हत्या की कुणाच्या दारावर थाप मारली नव्हती. बेलापूरच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर बसून, कानाला हेडफोन लावून, ती परक्या शहरांतल्या माणसांची पावलं ऐकायची.

ती इमारत महानगर पोलीस मंडळाची होती. मुंबई, इस्तंबूल, लागोस, जकार्ता, नैरोबी अशा जगातल्या मोठमोठ्या शहरांच्या पोलिसांनी एकत्र येऊन हे मंडळ काढलं होतं. एका शहरात खून करून माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडात पोचत होता आणि तिथल्या गर्दीत मिसळून जात होता. चेहरा बदलून घेणं आता दात बसवून घेण्याइतकं सोपं झालं होतं. फोन फेकून देता येत होता. चाल मात्र कुणाला बदलता येत नव्हती. कुणी मुद्दाम लंगडत चाललं तरी चार गल्ल्या ओलांडेपर्यंत त्याचं भान सुटायचं आणि पाय आपल्या जुन्या वळणावर यायचे.

शहरांच्या रस्त्यांखाली इंटरनेटच्या काचेच्या तारा आधीपासून होत्याच. केसाइतक्या बारीक तारेत लेझरचा झोत सोडला की काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून त्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. वर रस्त्यावर कुणी पाऊल टाकलं की जमीन दबते, तार कणभर ताणली जाते आणि त्या परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. प्रकाशाला परत यायला किती वेळ लागला यावरून तो फरक नेमका कुठे पडला तेही कळतं. असा तारेचा प्रत्येक मीटर म्हणजे एक कान झाला. बस, ट्रक, पाण्याचे पंप यांच्या गोंगाटातून एका माणसाची पावलं वेगळी काढायला यंत्रांना काही वर्षं लागली, पण अखेर तेही जमलं. टाच आधी टेकते की चवडा, भार कुठल्या पायावर जास्त वेळ राहतो, वळताना किती पावलं पडतात, या सगळ्याची मिळून प्रत्येकाची एक ठेवण असते. मंडळात तिला चालठसा म्हणत.

न्यायालयांनी दोन अटी घालून या यंत्रणेला परवानगी दिली होती. ज्याच्या नावाचं वॉरंट आहे त्याचीच पावलं ठेवायची, बाकी सगळ्यांची यंत्राने तिथल्या तिथे पुसून टाकायची. आणि यंत्राने ओळख पटवली तरी अटकेआधी एका माणसाने ती पावलं स्वतःच्या कानांनी ऐकून खात्री करायची. ते ऐकण्याचं काम मंजिरीचं होतं. तिच्याकडे इस्तंबूल आणि नैरोबी होतं.

तिची पाळी दुपारी सुरू होई. पाळी संपताना पुढच्या माणसाच्या हाती टेबल देण्याआधी यंत्र जुळवून द्यावं लागे. त्यासाठी काही ओळखीचे चालठसे ठेवलेले होते. त्यांतला एखादा लावायचा, ते माणूस शहरात कुठे चालतंय ते यंत्राला शोधायला सांगायचं, आणि बरोबर सापडलं की सही करून उठायचं. तेव्हा नैरोबीत संध्याकाळ नुकतीच सुरू झालेली असे. मंजिरी दर वेळी एकच ठसा लावायची. पडद्यावर एका उताराच्या रस्त्यावर छोटा हिरवा ठिपका उमटायचा आणि कानात पावलं यायची. ती निरंजन काळसेकरची, तिच्या घटस्फोटित नवऱ्याची पावलं होती.

मंडळ नवीन होतं तेव्हा चाचणीसाठी ओळखीची माणसं हवी होती. कर्मचाऱ्यांनी आपल्या घरच्यांना आणलं होतं. निरंजन पामबीच रोडवर सदरा घालून फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक फेरीला तिच्याकडे बघून पोलिसासारखा सॅल्यूट ठोकत होता. तो पाणीपुरवठ्याचा इंजिनियर होता. पुढे त्यांचं लग्न मोडलं तेव्हा त्याचा ठसा काढून टाकायचं ना त्याला सुचलं, ना मंडळाला. मंजिरीच्या लक्षात होतं. ती बोलली नाही.

मोठं भांडण असं दोघांत कधी झालंच नव्हतं. तिच्या पाळ्या, त्याचे साइटवरचे मुक्काम, न झालेलं मूल आणि त्याबद्दल दोघांनीही धरलेलं मौन. एका रविवारी डाळिंब सोलता सोलता तो म्हणाला, "मंजू, आपण एकमेकांना त्रास देत नाही, एवढंच उरलंय आपल्यात." तिलाही ते पटलं. त्यानंतर सगळं शांतपणे झालं. त्याला नैरोबीच्या पाणीयोजनेवर काम मिळालं. वर्षभराने मंडळात शहरांचं वाटप झालं तेव्हा तिने नैरोबी मागून घेतलं. का, ते कुणी विचारलं नाही.

त्याच्या आयुष्याबद्दल तिला आता एवढंच माहीत होतं की संध्याकाळी तो चालायला जातो. मधेच थांबतो. कधी कधी बराच वेळ थांबतो. मग सावकाश निघतो. काही दिवशी त्याची पावलं अचानक जड पडायची. भाजीची मोठी पिशवी घेऊन येत असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं. हिरव्या ठिपक्याच्या आजूबाजूला रिकामा रस्ता असायचा. तोही आपल्यासारखाच एकटा आहे, या विचाराने तिला वाईट वाटायचं. थोडा आधारही वाटायचा. मग ती खारघरला घरी यायची, सकाळची पोळी गरम करायची आणि टीव्ही न लावता जेवायची.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता जुळणीचा आकडा घसरायला लागला. यंत्र निरंजनला ओळखत होतं, पण पूर्वीच्या खात्रीने नाही. आठवड्यागणिक खात्री थोडी थोडी कमी होत होती.

नैरोबीच्या टेबलावर अकिन्यी नावाची अधिकारी बसायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं रोज बोलत होत्या. अकिन्यी तिच्या भाषेत बोलायची आणि मधलं दुभाषी यंत्र मंजिरीच्या कानात मराठी ऐकवायचं, एका कोवळ्या, नीटनेटक्या आवाजात.

"त्या उताराच्या रस्त्यावरची तार खराब झालीय का?" मंजिरीने विचारलं.

"बघते." थोड्या वेळाने उत्तर आलं. "तार ठीक आहे. त्याच रस्त्यावर काल आम्ही एक माणूस पकडला. अगदी स्वच्छ ऐकू येत होतं."

"मग माझ्या चाचणीच्या ठशात काहीतरी गडबड आहे."

"मंजिरी, तू रोज तोच ठसा लावतेस. माझ्या पडद्यावर दिसतं मला. मी कधी विचारलं नाही."

"आताही विचारू नकोस."

"नाही विचारत. पण तो ठसा बिघडला नसेल. माणूस बिघडला असेल."

त्या संध्याकाळी मंजिरीने डोळे मिटून पावलं ऐकली. डावी टाच पूर्वीसारखी टेकत नव्हती, पाऊल सपाट पडत होतं आणि उचलताना किंचित घासत होतं. रस्त्याच्या टोकाला तो वळायचा तिथे पूर्वी दोन पावलं ऐकू यायची. आता पाच-सहा छोटी छोटी पावलं येत होती, जागच्या जागी चाचपडल्यासारखी. तिला प्रशिक्षणात हे शिकवलं होतं. आजारपण, बाळंतपण, दारू यांनी चाल बदलते. शोधात असलेला माणूस हातचा जाऊ नये म्हणून ते बदल ओळखता यावे लागतात. तिने यंत्राला बदलाचं कारण विचारलं. यंत्राने जे नाव दिलं ते तिच्या मनात आधीच आलं होतं. कंपवात. हात थरथरायला लागण्याच्या बराच आधीचा.

पूर्वी हे कळून काही उपयोग नव्हता. आता होता. मेंदूतल्या मरू लागलेल्या पेशींना थोपवणारं एक इंजेक्शन काही वर्षांपूर्वी आलं होतं. हाताला कंप सुटण्याआधी सुरू केलं तर रोग आहे तिथेच थांबायचा. कंप सुटल्यावर घेतलं तर फार तर तो जरा सावकाश पुढे सरकायचा.

कक्षाचे प्रमुख इनामदार सर निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. मंजिरी त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, एखाद्याच्या चालीत आजार दिसला तर त्याला सांगायची काही सोय आहे का? निनावी वगैरे?"

"वॉरंटमधल्या माणसाच्या?"

"समजा, साध्या माणसाच्या."

त्यांनी चष्मा काढला. "साध्या माणसाची पावलं तुमच्याकडे आली कशी, हा पहिला प्रश्न. तो मी विचारत नाही. सोय नाही, मॅडम. सुरुवातीला एका शहरात सांगत होते. चांगल्या मनानेच. मग विमा कंपन्या आल्या, नोकऱ्या देणारे आले, बायकांचे नवरे आले. लोक रस्त्यावर चालायला घाबरायला लागले."

"पण त्या माणसाचा जीव वाचत असेल तर?"

"लोकांनी आपल्याला पावलं दिलेली नाहीत. आपण घेतलीत. त्यामुळे काही कळलं तरी तोंड बंद ठेवायचं, बाहेर सांगणाऱ्याला तुरुंगाचं कलम त्यासाठीच आहे." चष्मा परत लावून ते समोरच्या पडद्याकडे वळले. "दार लावून घ्या जाताना."

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने निरंजनला फोन लावला. नंबर बदलला असेल असं तिला वाटत होतं. बदलला नव्हता.

"हॅलो. मंजिरी बोलतेय."

"मंजू?" मागे कुठेतरी भांडी वाजत होती. "सगळं ठीक ना? आई बऱ्या आहेत ना?"

"आई बरी आहे. सहज केला."

"तू आणि सहज फोन?" तो हसला. त्याचं हसणं तसंच होतं.

"तब्येत कशी आहे तुझी?"

"छान आहे. डावा खांदा जरा धरलाय. वय झालं आता."

"दाखवलंस कुणाला?"

"खांद्याला काय दाखवायचं? शेक घेतो."

"मेंदूच्या डॉक्टरला दाखव, निरंजन."

"खांद्यासाठी मेंदूचा डॉक्टर? कुणी सांगितलं तुला हे?"

"आमच्या ऑफिसात एकांचं असंच झालं होतं. खांद्यापासून सुरुवात झाली आणि मग भलतंच निघालं." खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"बरं, बघतो. ऐक ना, तू फोन केलाच आहेस तर मला तुला एक सांगायचं होतं. बरेच दिवस मनात आहे, पण कसं..."

"दाखव नक्की," ती घाईघाईने म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आणखी एक वाक्य बोललं असतं तर सगळं तोंडातून निघून गेलं असतं.

पुढच्या आठवड्यांत तिने पहिल्यांदा सरळसरळ नियम मोडला. जुळणीच्या वेळेपुरता नाही, पाळीभर, जमेल तेव्हा ती त्याचा ठसा लावत राहिली. ऑफिस, बाजार, घर, संध्याकाळचा उतार. ज्या रस्त्यांवर इस्पितळं होती तिथे तो एकदाही गेला नाही. डावं पाऊल आता स्पष्ट घासत होतं.

तिने अकिन्यीला विचारलं, "तू त्याला जाऊन सांगशील?"

"आणि काय म्हणून सांगू? पोलीस दारात उभी राहून म्हणते, तुम्हाला रोग झालाय? तो विचारेल, तुम्हाला कसं कळलं." दुभाषी यंत्राच्या आवाजात राग उमटत नसे, त्यामुळे अकिन्यी रागावली आहे की घाबरली आहे ते मंजिरीला समजलं नाही. "माझी दोन मुलं शिकतायत अजून. मला यात ओढू नकोस. आणि तू काय करणार आहेस तेही मला सांगू नकोस."

मंजिरीने रजा टाकली. आईला भेटायला साताऱ्याला जातेय असं सांगितलं आणि नैरोबीचं विमान पकडलं.

जो रस्ता ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती तो पाहून ती गोंधळून गेली. तिच्या मनातला रस्ता रुंद, ओसाड आणि करड्या रंगाचा होता. हा लाल मातीच्या कडेचा, जांभळ्या फुलांच्या झाडांखालचा, माणसांनी भरलेला होता. शाळेतून घोळक्याने परतणारी मुलं, मोटारसायकलवाले, कोळशावर कणसं भाजणाऱ्या बायका, जमिनीवर कापड पसरून चपला विकणारा म्हातारा. या इतक्या लोकांतलं कुणीच तिला कधी ऐकू आलं नव्हतं. कणसाच्या एका गाडीशेजारी ती उभी राहिली.

निरंजन वेळेवर आला. केस पांढरे झाले होते. त्याच्या खांद्यावर चार-एक वर्षांची मुलगी बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं कपाळ धरलं होतं. शेजारून एक उंच स्त्री पिशवी घेऊन चालत होती आणि त्याच्याशी काहीतरी बोलून हसत होती.

झाडाखाली आल्यावर त्याने मुलीला खाली ठेवलं. ती पडलेली फुलं वेचायला बसली. तो तिच्यासाठी थांबला, बराच वेळ थांबला, मग तिच्या चालीने सावकाश निघाला. जड पावलं, मधले थांबे, हळू चालणं, सगळं मंजिरीच्या डोळ्यांसमोर होत होतं. त्या थांब्यांमध्ये तो काय विचार करत असेल याच्या तिने किती कल्पना केल्या होत्या. त्यांतल्या काहींत ती स्वतःही होती. यंत्राने नियमाप्रमाणे बाकीच्या सगळ्यांना पुसून टाकलं होतं. त्या यंत्रात जो कुणी दिसायचा तो एकटाच दिसायचा.

तिला परत फिरावंसं वाटलं. तेवढ्यात ती मुलगी बापाच्या मागोमाग चालू लागली आणि मंजिरी जागीच थबकली. मुलीचा डावा पाय घासत होता. बाप जसा ओढत होता तसाच, मन लावून.

"निरंजन," तिने हाक मारली.

त्याला वळायला वेळ लागला. "मंजू? तू इथे?" त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हेच सांगणार होतो मी फोनवर. ही न्जेरी, माझी बायको. आणि ही अमानी." मुलीकडे वाकून तो मराठीत म्हणाला, "ही मुंबईची मंजिरी."

मुलीने हातातलं एक फूल पुढे केलं. मंजिरीने ते घेतलं.

"मला तुझ्याशी बोलायचंय. आत्ताच," ती म्हणाली.

न्जेरी मुलीला घेऊन जरा पुढे गेली. मंजिरीने काही लपवलं नाही. तारा, ठसा, घासणारं पाऊल, रोगाचं नाव, इंजेक्शन, सगळं सांगितलं.

"किती वर्षं?" शेवटी त्याने विचारलं.

तिला वाटलं तो आजाराबद्दल विचारतोय. "आत्ता सुरुवातच आहे. अजून वेळ..."

"किती वर्षं ऐकतेस मला?"

"तू इथे आलास. त्यानंतर वर्षभराने सुरू केलं."

"रोज?"

"कामाच्या दिवशी."

त्याने मुलीकडे पाहिलं. "ही रस्त्याने सारखी गाणी म्हणत असते. ते?"

"ते नाही येत. फक्त पावलं. तुझीच. दुसरं कुणीच येत नाही."

"म्हणजे तुला मी एकटाच दिसायचो."

"हो."

"म्हणून आलीस?"

"पायासाठी आलेय," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जा. बाकी तुला जे करायचं ते कर."

"तू विचारायला हवं होतंस, मंजू. घटस्फोटाच्या दिवशी विचारलं असतंस ना, अधूनमधून फोन करत जाऊ का, तर मी हो म्हणालो असतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "आता मला इथून चालत घरी जायचंय आणि मला एक पाऊल टाकता येत नाहीये."

पण तो गेला. मुलीला त्याने खांद्यावर घेतलं नाही. न्जेरीने उचलून घेतलं. मंजिरी गर्दीत उभी राहून त्याचा डावा पाय दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्जेरी तिच्या हॉटेलवर आली. हॉटेलचं नाव निरंजनलाही माहीत नव्हतं; त्यांच्या रस्त्याच्या आसपासची चार हॉटेलं पालथी घालून ती इथवर पोचली होती. ती इंग्रजीत बोलत होती, सावकाश, मंजिरीला समजावं म्हणून.

"तो रात्रभर बसून होता. तो येणार नाही. मला सांगा, त्या इंजेक्शनचं नाव काय, कुठे मिळतं, कुठल्या तपासण्या लागतात."

मंजिरीने सगळं सांगितलं. न्जेरीने मधेमधे प्रश्न विचारले, नेमके आणि कोरडे. मग ती म्हणाली, "अमानी पाय ओढून चालते तेव्हा मला वाटायचं बापलेक खेळतायत. मी हसायचे."

"तुम्हाला कळणं शक्य नव्हतं."

"तुम्हाला कळलं. खंडाच्या पलीकडे बसून." ती उठली. "मला तुमचा भयंकर राग आलाय. पण तो नंतर. आधी त्याला डॉक्टरकडे नेते. मग मी तुमच्याविरुद्ध तक्रार करणार आहे, हे तुम्हाला तोंडावर सांगायला आले."

"करायलाच हवी," मंजिरी म्हणाली.

न्जेरी दाराशी क्षणभर थांबली. "चहा घेतलात का सकाळी?"

"नाही अजून."

"घ्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

तक्रार बेलापूरला पोचली तेव्हा इनामदार सरांनी मंजिरीला बोलावून घेतलं. "खरं आहे?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. चौकशी लांबली नाही, कारण तिने काहीच नाकारलं नाही. तिची नोकरी गेली. तुरुंगाची शिफारस मात्र झाली नाही; आपल्याला तिला शिक्षा नको आहे, ऐकणं थांबायला हवं आहे, असं न्जेरीने लिहून दिलं होतं. निरंजनचा ठसा पुसला गेला. सगळ्या शहरांमध्ये नियम बदलला. घरच्या माणसांचे ठसे काढून टाकले आणि जुळणीसाठी चाकांवर चालणारी एक निर्जीव गाडी रस्त्यांवर फिरू लागली.

"मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मला विचारू नका," निरोपाच्या वेळी इनामदार सर म्हणाले. तिने विचारलं नाही.

काही दिवसांनी तिच्या स्वतःच्या फोनवर परदेशातून फोन आला. जाडाभरडा, घोगरा आवाज होता. तो अकिन्यीचा आहे हे कळायला तिला वेळ लागला. इतकी वर्षं ती यंत्राच्या कोवळ्या आवाजालाच अकिन्यी समजत होती. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलल्या. आपल्याला चौकशीत कुणी काही विचारलं नाही, असं अकिन्यीने सांगितलं. मग बोलण्यासारखं फार काही उरलं नाही. कामाखेरीज त्या कधी काही बोललेल्याच नव्हत्या. पुन्हा एकदा-दोनदा फोन झाले आणि मग थांबले.

मंजिरी खारघरलाच राहिली. सकाळी टेकडीपर्यंत चालत जायची, येताना भाजी आणायची. सुरुवातीला रस्त्यावर कुणी मागून आलं तरी ती नकळत ऐकायला लागायची, टाच आधी की चवडा. हळूहळू ते कमी झालं. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई वाटेत भेटल्या की दोघी चार शब्द बोलायच्या. संध्याकाळ मात्र जाता जात नसे. पूर्वी ज्या वेळी ती हेडफोन काढून उठायची ती वेळ झाली की तिला घरात बसवत नसे आणि कुठे जावं तेही सुचत नसे.

अशाच एका संध्याकाळी निरंजनचा फोन आला. नैरोबीनंतर पहिल्यांदाच.

"मंजू, बोलू शकतेस?"

"बोल."

"इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. आजार वाढलेला नाही. पायही बराच सुटलाय."

तिने डोळे मिटले. "बरं झालं."

"तुला कळवायला हवं होतं आधीच. जमत नव्हतं. राग गेलेला नाही माझा. खोटं कशाला सांगू? रस्त्यावर पाय ठेवला की वाटायचं, कुणीतरी ऐकतंय. ठसा पुसलाय हे माहीत असून वाटायचं. न्जेरीलाही वाटायला लागलं. म्हणून आम्ही शहर सोडलं. लांब एका लहान गावात आलोय. इथे रस्त्याखाली काही नाही. नुसती माती आहे."

"अमानी?"

"रमलीय. पळते दिवसभर."

त्याच्या बाजूने वारा ऐकू येत होता आणि लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. तिथे अजून उजेड असणार. गाव कुठलं, हा प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता.

"काळजी घे," ती म्हणाली.

"तूही घे." तो जरासा थांबला, ती आणखी काही विचारेल म्हणून. तिने काहीच विचारलं नाही. मग त्याने फोन ठेवला.